न्यूरोसर्जरीची सीट निवडताना: नाव पाहावे की काम?

प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की छत्रपती संभाजीनगरमधल्या घाटी या शासकीय रुग्णालयाच्या आणि एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहांत, तसेच या मुलामुलींच्या जालना, बीड, परभणीतल्या घरांत तेच प्रश्न दरवर्षी सुरू होतात. न्यूरोसर्जरीला देशात टॉप कोणते? दिल्लीचे एम्स मिळत नसेल तर मुंबईचे केईएम घ्यावे की बाहेरच्या राज्यातले शासकीय कॉलेज? एमसीएचपुढे डीआरएनबी दुय्यम असते का? गेल्या वर्षी जिथला कटऑफ वर होता, तिथले शिक्षणही चांगले असेल ना?

हे प्रश्न तुम्हालाही पडले असतील, तर एक गोष्ट आधीच सांगतो. संस्थेचे नाव पहिली नोकरी मिळवताना उपयोगी पडते. पण पुढची तीस वर्षे तुमच्या उपयोगी पडतो तो रेसिडेन्सीच्या काळात तयार झालेला हात आणि शस्त्रक्रिया कधी करू नये हे ओळखण्याची नजर. म्हणून सीट निवडताना नावाइतकाच, किंबहुना जास्त वेळ कामाची चौकशी करण्यात घालवा. ती कशी करायची, ते पुढे टप्प्याटप्प्याने दिले आहे.

आधी वाटा समजून घ्या

भारतात न्यूरोसर्जन होण्याच्या मुख्य वाटा चार आहेत.

- एमएस जनरल सर्जरीनंतर ३ वर्षांचे एमसीएच. यासाठी नीट एसएस ही परीक्षा एनबीईएमएस हे राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेते. शासकीय, खासगी आणि अभिमत विद्यापीठांतल्या जागांचे समुपदेशन केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती (एमसीसी) करते.
- एमएस किंवा डीएनबी जनरल सर्जरीनंतर ३ वर्षांचे डीआरएनबी. परीक्षा तीच आणि समुपदेशनही तेच. प्रशिक्षण मात्र एनबीईएमएसची मान्यता असलेल्या रुग्णालयात होते.
- एमबीबीएसनंतर थेट ६ वर्षांचा अभ्यासक्रम. राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांमधले ६ वर्षांचे एमसीएच आयएनआय-सीईटीतून मिळते. ६ वर्षांचे डीआरएनबी नीट पीजीतून मिळते.
- एमएसनंतर राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांतले ३ वर्षांचे एमसीएच. एम्स, चंडीगडचे पीजीआय, पुदुच्चेरीचे जिपमर, बंगळुरूचे निम्हान्स अशा संस्थांसाठी आयएनआय-एसएस ही वेगळी परीक्षा असते. लेखी परीक्षेनंतर विभागाकडून प्रत्यक्ष मूल्यमापनाचा दुसरा टप्पा होतो. त्यामुळे केवळ प्रश्नसंच सोडवून भागत नाही.

थेट ६ वर्षांची वाट छोटी आहे, असा अनेक पालकांचा समज असतो. हिशेब मांडून पाहा. इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच वर्षे आणि पुढची ६ मिळून साडेअकरा होतात. साडेपाच, अधिक एमएसची ३, अधिक एमसीएचची ३ यांची बेरीजही साडेअकराच. थेट वाटेने मधली एक प्रवेश परीक्षा आणि तिच्या तयारीत जाणारा काळ वाचतो. पण चौथ्या वर्षी मन उडाले तर हातात एमएसची पदवी नसते. न्यूरोसर्जरीच करायची हे इंटर्नशिपमध्येच पक्के झाले असेल तर थेट वाट उत्तम. जराही शंका असेल तर आधी जनरल सर्जरी करा.

कटऑफ काय सांगतो आणि काय सांगत नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. नीट एसएसमध्ये सर्जिकल ग्रुपचा पेपर एकच असतो आणि त्याचा पाया जनरल सर्जरीचा असतो. त्याच गुणवत्ता यादीतून कोणी युरोलॉजी घेतो, कोणी सर्जिकल ऑन्कोलॉजी, कोणी प्लास्टिक सर्जरी, कोणी न्यूरोसर्जरी. म्हणजे एखाद्या कॉलेजात न्यूरोसर्जरीची शेवटची सीट कितव्या रँकला गेली, यात त्या वर्षी इतर शाखांकडे किती जण वळले याचाही मोठा वाटा असतो.

शेवटची सीट जिथे जाते त्या क्लोजिंग रँकवर या गोष्टींचाही परिणाम होतो:

- शहर आणि घरापासूनचे अंतर
- शुल्क आणि विद्यावेतन
- बाँडची वर्षे आणि रक्कम
- जागांची संख्या. वर्षाला एक-दोनच जागा असतील, तर एका उमेदवाराच्या निर्णयाने रँक शेकड्याने वर-खाली होते.

म्हणून क्लोजिंग रँकवरून 'मला ही सीट मिळण्याची शक्यता किती' एवढेच ताडा आणि तेही किमान तीन वर्षांचे आकडे एकत्र पाहून. तिथे काय शिकायला मिळेल, याचे उत्तर त्या आकड्यात नसते.

केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीबाबतही हीच सावधगिरी हवी. २०१८पासून तिच्यात वैद्यकीय संस्थांचा वेगळा गट आहे. पण ती क्रमवारी संपूर्ण संस्थेची असते. न्यूरोसर्जरी विभागांची अधिकृत क्रमवारी भारतात कोणी लावत नाही. 'देशातले पहिले दहा न्यूरोसर्जरी विभाग' अशी यादी कोणी पुढे केली, तर ती कशाच्या आधारे केली हे आधी विचारा.

नाव कशामुळे होते ते ओळखा

देशात न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग डॉ. जेकब चँडी यांनी १९४९मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सुरू केला. पुढच्याच वर्षी डॉ. बी. राममूर्ती यांनी मद्रासमध्ये काम सुरू केले. १९५१मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. दिल्लीच्या एम्समध्ये १९६५मध्ये डॉ. प्रकाश नारायण टंडन यांनी विभाग उभा केला. या संस्थांचे नाव पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामातून झाले आहे आणि तो मान त्यांना द्यायलाच हवा.

पण प्रतिष्ठा अनेकदा एखाद्या उपशाखेची किंवा एखाद्या व्यक्तीचीही असते. केईएमच्या विभागाचे अनेक वर्षे प्रमुख राहिलेले डॉ. अतुल गोयल यांच्या नावाने मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या स्थिरीकरणाची पद्धत जगभर ओळखली जाते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचा अपस्माराच्या शस्त्रक्रियांचा कार्यक्रम मोठा आहे. दिल्लीच्या एम्सकडे अपघातग्रस्तांसाठी स्वतंत्र जयप्रकाश नारायण ट्रॉमा सेंटर आहे. तेव्हा स्वतःला दोन प्रश्न विचारा. ज्या कामासाठी हा विभाग नावाजला आहे, ते काम मला शिकायचे आहे का? आणि ज्यांच्यामुळे तो नावाजला, ते शिक्षक मी तिथे असताना तिथे असतील का? प्राध्यापक निवृत्त होतात, बदलून जातात. विभागाची कीर्ती मात्र पुढची कित्येक वर्षे टिकून राहते. आज तिथे कोण शिकवते ते पाहा.

विभाग कसा पारखायचा

पसंतीक्रम भरण्याआधी शक्य असेल तर प्रत्यक्ष भेट द्या, नाहीतर फोनवर बोला. एकाच व्यक्तीच्या मतावर थांबू नका. पहिल्या वर्षाचा एक, शेवटच्या वर्षाचा एक आणि नुकताच पास होऊन बाहेर पडलेला एक, अशा तिघांशी तरी बोला. आणि प्रश्न नेमके विचारा:

1. हातात काय येते? कवटीखालचा रक्तस्राव काढणे, बर होल, व्हीपी शंट, कवटीचा भाग काढून दाब कमी करणे या शस्त्रक्रिया पहिल्या वर्षाचा रेसिडेंट स्वतः करतो की फक्त सहायक असतो? शेवटच्या वर्षी ट्यूमर आणि मणक्याच्या किती शस्त्रक्रिया त्याने मुख्य सर्जन म्हणून केल्या?
2. शेजारी कोण असते? रात्री दोन वाजता शिक्षक ओटीत येतात का? एकट्याने खूप शस्त्रक्रिया करायला मिळणे म्हणजे चांगले शिक्षण नव्हे. चूक कुठे झाली हे दाखवणारे कोणी नसेल तर तीच चूक सवय बनते.
3. केसेसचे मिश्रण कसे आहे? केवळ अपघाताच्या केसेस आहेत की ट्यूमर, रक्तवाहिन्यांचे आजार, मणका, लहान मुलांच्या शस्त्रक्रियाही आहेत? एन्युरिझमवर विभाग शस्त्रक्रिया करतो, की ते रुग्ण कॉइलिंगसाठी दुसऱ्या विभागाकडे जातात?
4. साधने चालू आहेत का? मायक्रोस्कोप, न्यूरोनेव्हिगेशन, एंडोस्कोप, हाय-स्पीड ड्रिल ही साधने यादीत आहेत की रोज वापरात आहेत? बंद पडली तर दुरुस्तीला किती दिवस लागतात?
5. आधार किती आहे? न्यूरो-आयसीयूच्या खाटा किती, न्यूरोॲनेस्थेशियाचे तज्ज्ञ आहेत का, एमआरआय रात्री मिळतो का?
6. रेसिडेंटचा दिवस कशात जातो? ट्रॉली ढकलणे, रिपोर्ट आणणे, रक्तपेढीच्या फेऱ्या यातच दिवस संपत असेल, तर ओटीत उभे राहायला त्राण कुठून येणार?
7. किती जणांनी सीट सोडली? गेल्या तीन वर्षांत कोणी अर्ध्यावर गेले का, आणि का?

शेवटच्या वर्षाच्या रेसिडेंटचे लॉगबुक पाहायला मिळाले तर सोने. मात्र रुग्णांची नावे झाकूनच ते दाखवले गेले पाहिजे. उत्तर देताना समोरचा चाचरत असेल किंवा 'इथे सगळे छान आहे' एवढेच म्हणत असेल, तर दुसऱ्या कोणाला तरी विचारा.

गुणपत्रिका तयार करा

मनात गोंधळ असेल तर कागदावर १०० गुणांचा तक्ता मांडा. मी सुचवतो ती विभागणी अशी:

- प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचा अनुभव: ३५
- शिक्षक आणि त्यांचे मार्गदर्शन: २५
- केसेसची विविधता: १५
- साधने आणि आयसीयू: १०
- राहणे, सुट्टी, सहकाऱ्यांची वागणूक: १०
- संस्थेचे नाव: ५

शुल्क आणि बाँड यांना गुण देऊ नका. ते परवडत नसतील तर ती सीट यादीतच घेऊ नका. अध्यापनात किंवा संशोधनात जायचे असेल तर संस्थेच्या नावाचे गुण वाढवा आणि प्रकाशने, चालू प्रकल्प यांसाठी वेगळी ओळ घाला. मराठवाड्यात परतून काम करायचे असेल तर अपघात आणि मणका यांच्या अनुभवाला जास्त वजन द्या.

हे शेवटचे वाक्य आपल्या भागासाठी फार महत्त्वाचे आहे. १९५६मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या घाटीत, जिल्ह्याबाहेरूनही डोक्याला मार लागलेले रुग्ण येतात. समृद्धी महामार्ग, धुळे–सोलापूर रस्ता, वाळूज आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहती हे सगळे याच परिसरात आहे. अशा रुग्णासाठी पहिले काही तास मोलाचे असतात आणि त्या वेळी मुंबई-पुणे फार दूर असते. इथे परतणाऱ्या न्यूरोसर्जनला मध्यरात्री सीटी पाहून योग्य निर्णय घेता आला पाहिजे. हे कौशल्य ज्या विभागात पक्के होते, तो विभाग तुमच्यासाठी 'टॉप', मग त्याची क्लोजिंग रँक काहीही असो.

तुम्ही आत्ता घाटीत किंवा एमजीएममध्ये इंटर्न वा एमएसचे रेसिडेंट असाल, तर सीट निवडण्याआधी न्यूरोसर्जरीच्या रुग्णांसोबत काही रात्री घालवा. नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगितली जाते ते जवळून पाहा. ही शाखा आपल्याला झेपेल का, याचे प्रामाणिक उत्तर तिथे मिळते.

डीआरएनबी दुय्यम आहे का?

नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९च्या कलम ३७नुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या संलग्न रुग्णालयात किंवा ५०० अथवा अधिक खाटांच्या रुग्णालयात मिळवलेली एनबीईएमएसची पदवी संबंधित विद्यापीठीय पदवीशी सर्व बाबतींत समकक्ष आहे. त्याहून लहान रुग्णालयातून ती घेतली असेल, तर अध्यापनासाठी वैद्यकीय महाविद्यालयात एक वर्षाची सिनियर रेसिडेन्सी आणखी करावी, असे कायदा म्हणतो. प्राध्यापक व्हायची इच्छा असेल तर रुग्णालयाच्या खाटा आणि आयोगाचे ताजे अध्यापक-पात्रता नियम दोन्ही तपासा.

खासगी रुग्णालयात साधने अद्ययावत असतात, पण रुग्ण एखाद्या ठरावीक सर्जनच्या नावावर आलेला असतो. तिथे रेसिडेंटच्या हातात चाकू किती येतो, हा प्रश्न आवर्जून विचारा. शासकीय रुग्णालयात याच्या उलट असू शकते. रुग्ण भरपूर आणि साधनांची प्रतीक्षा.

पसंतीक्रम भरताना होणाऱ्या चुका

- 'पहिल्या क्रमांकावर अशक्य सीट लिहिली तर खालची जाईल.' हा गैरसमज आहे. तुमच्या रँकला उपलब्ध असलेल्या जागांपैकी तुमच्या यादीत जी सर्वांत वर असेल तीच मिळते. म्हणून खऱ्या आवडीच्या क्रमानेच यादी भरा.
- जिथे जाणारच नाही ती सीट यादीत टाकणे. मिळालेली सीट नाकारल्यास फेरीनुसार अनामत जप्त होऊ शकते. रुजू होऊन सोडल्यास पुढच्या परीक्षेच्या पात्रतेवरही बंधने येतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचा.
- मान्यता न तपासणे. कॉलेजच्या जाहिरातीवर विसंबू नका. एमसीएचसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे संकेतस्थळ, डीआरएनबीसाठी एनबीईएमएसची मान्यता यादी आणि चालू वर्षाच्या जागांसाठी एमसीसीचा तक्ता पाहा.
- दलालाच्या नादी लागणे. अभिमत विद्यापीठातली सुपरस्पेशालिटीची सीटसुद्धा समुपदेशनातूनच मिळते. 'पैसे द्या, सीट पक्की करतो' असे म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.
- बाँड न वाचणे. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून सुपरस्पेशालिटी केल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते आणि ती न दिल्यास दंडाची रक्कम कोटींच्या घरात आहे. इतर राज्यांत वर्षे आणि रक्कम वेगवेगळी असते. सही करण्याआधी ताजा शासन निर्णय मिळवा आणि घरच्यांसोबत वाचा.

परदेशाचा विचार करत असाल तर

अमेरिकेत न्यूरोसर्जरीची रेसिडेन्सी ७ वर्षांची, तर ब्रिटनमध्ये ८ वर्षांची असते. अमेरिकेत जागा अगदी मोजक्या असतात आणि बाहेरून शिकून आलेल्यांना त्या फार कमी मिळतात. तिथे यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याला जानेवारी २०२२पासून गुण दिले जात नाहीत, केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागतो. त्यामुळे संशोधन, तिथल्या विभागात केलेले काम आणि शिफारसपत्रे यांचे वजन वाढले आहे. अनेकांना आधी एक-दोन वर्षे संशोधनासाठी द्यावी लागतात आणि तरीही खात्री नसते. हाताशी दुसरा पर्याय ठेवूनच या वाटेने जा. अनेकांसाठी भारतात एमसीएच करून पुढे परदेशात फेलोशिप घेणे अधिक व्यवहार्य ठरते.

रेसिडेंट म्हणून तुमचे हक्क

प्रतिष्ठेच्या नावाखाली अमानुष वागणूक सहन करावीच लागते, असा समज आपल्याकडे रुजला आहे. तो चुकीचा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांनी आणि इतर कायद्यांनी तुम्हाला पुढील संरक्षण दिले आहे:

- कामाची निकड सांभाळून आठवड्याला एक सुट्टी
- वर्षाला किमान २० दिवस पगारी नैमित्तिक रजा आणि ५ दिवस शैक्षणिक रजा
- कामाचे तास वाजवी असणे आणि विश्रांतीला पुरेसा वेळ
- नियमांनुसार प्रसूती रजा
- रॅगिंगविरोधी समितीकडे तक्रार. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२
- २०१३च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती

तक्रार लेखी करा, तारखा आणि संदेश जपून ठेवा. शासकीय महाविद्यालयात असाल तर मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रतिनिधींना सोबत घ्या. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येते.

मुलींना 'ही शाखा तुमच्यासाठी नाही' असे अजूनही सांगितले जाते. मद्रासच्या डॉ. टी. एस. कनका यांनी १९६८मध्येच न्यूरोसर्जरीची पदवी मिळवली होती. तेव्हा हा सल्ला मनावर घेऊ नका. विभागात महिला रेसिडेंट आणि शिक्षिका किती आहेत, ड्युटी रूम स्वतंत्र आणि सुरक्षित आहे का, हे मात्र नक्की विचारा.

पालकांसाठी

तुमच्या मुलाला किंवा मुलीला कोणत्या कॉलेजचे नाव मिळाले हे नातेवाइकांत सांगण्यापुरते असते. तिथली वर्षे मात्र तिला किंवा त्यालाच काढायची आहेत. रँक कमी आली म्हणून पुन्हा परीक्षेचा हट्ट धरण्याआधी आत्ता मिळणाऱ्या सीटची वरच्या सात प्रश्नांच्या आधारे चौकशी करा. पुष्कळदा चांगले शिक्षण तिथेच हाती लागते.

यादी भरण्याची मुदत अगदी थोडी असते. तेव्हा निकालाची वाट पाहत बसू नका. आजच पाच विभाग निवडा, प्रत्येकातल्या तिघांशी बोला आणि तक्ता भरून ठेवा. मेंदूची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तुमच्या पदवीखालचे कॉलेजचे नाव विचारत नाही. तुम्ही नीट शिकलेले असावे, एवढेच त्याला हवे असते. निवड करताना त्या रुग्णाचा विचार करा.